शाळा पेपरलेस करायची आहे, ४० हजार लोकवर्गणी जमली आहे. कोणती साधनं आणि अॅप घ्यावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बदली होऊन कोकणात आलात, मुख्याध्यापकपदाचा चार्ज घेतलात, गाव आणि मुंबई मंडळ (गावच्या मुंबईकरांचं) मिळून ४० हजार जमलेत, आता काय घ्यावं, कुठली अॅप वापरावीत आणि शाळा पेपरलेस कशी करावी.

अॅपचं मागाहून सांगते. आधी खड्डा खणा.

अर्थिंगचा खड्डा, म्हणजे जादाची वीज जमिनीत जायची वाट. शाळेत असेलच म्हणाल, तर मीटरमागची वायर कुठे जाते ते एकदा बघून या. आमच्या शाळेत ती भिंतीतून बाहेर येऊन जास्वंदीच्या मुळाशी नुसतीच लोंबत होती. किती वर्षं, देवाला ठाऊक.

मी दापोली तालुक्यात किनाऱ्यालगतच्या द्विशिक्षकी शाळेवर आहे, पट १९, चार्ज माझ्याकडेच. वर्गात समुद्र ऐकू येतो, फोन लागत नाही. रेंज हवी तर मागच्या सड्यावर चढायचं. ऑनलाइन माहिती भरताना मी त्या कातळावर छत्री धरून बसलेली सगळ्या गावाने पाहिली आहे.

२०१८ च्या गणपतीत मुंबई मंडळाने शाळेला डिजिटल करायचं ठरवलं. तेव्हा जिकडेतिकडे डिजिटल शाळा आणि तंत्रस्नेही शिक्षक असंच चाललं होतं. शेजारच्या वाडीत प्रोजेक्टर आला म्हटल्यावर आमची वाडी कशी मागे राहणार? मंडळाच्या खजिनदारांनी मला आरतीनंतर बोलावून विचारलं, बाई, काय काय पाहिजे? मी यादीच नेली होती: अर्थिंग, इन्व्हर्टर आणि बॅटरी, कपाटासाठी जाड प्लास्टिक, आणि पैसे उरले तर टीव्ही. त्यांनी यादी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, टीव्हीवर नाव घालता येतं. खड्ड्यावर कोणाचं नाव लावणार?"

सगळे हसले. मीसुद्धा हसले, त्याचा मला अजून राग येतो.

प्रोजेक्टर आला, पांढरा पडदा आला, स्पीकर आले. खोक्यावर मंडळाचं नाव आणि खाली देणगीदारांची नावं, सोनेरी अक्षरात. पोरं खूश होती, खोटं कशाला बोलू. पण आमच्या वर्गाला तिन्ही बाजूंनी खिडक्या. दुपारी पडद्यावर काही दिसायचं नाही. खिडक्या लावल्या की घामाच्या धारा. आणि खिडक्या लावा नाहीतर उघडा, खारा वारा आत येतोच. तो लोखंडाचे बिजागर खातो, तिथे प्रोजेक्टरच्या भिंगाची काय कथा! वापरात नसला की महिन्याभरात भिंगावर बुरशीची जाळी धरते.

आमच्या प्रोजेक्टरवर मात्र बुरशी धरायची वेळच आली नाही. ऑक्टोबरात परतीच्या पावसात दुपारी चारच्या सुमाराला वीज कडाडली. शाळेवर पडली नाही, लांब माडाच्या बागेत कुठेतरी पडली. वर्गात फक्त टक् असा आवाज झाला. प्रोजेक्टर गेला, स्पीकर गेले, कॉम्प्युटरही गेला. बटणं बंद होती, स्पाइक गार्ड लावलेला होता. दुरुस्तीवाल्याने सांगितलं, बटण बंद म्हणजे काही नाही, पिन सॉकेटातून ओढून काढायला हवी होती. आणि जादाचा दाब जमिनीत जायला वाटच नसेल तर तो स्पाइक गार्ड अर्ध्या कामाचा. वाट जास्वंदीपाशी लोंबत होती.

प्रोजेक्टर मुंबईला गेला आणि शिमग्याला दुरुस्त होऊन आला. अर्थिंगचं मी पुन्हा काढलं. उत्तर आलं, आता नवं बजेट पुढच्या वर्षी.

पुढचं वर्ष २०२० चं. मे महिन्यात चाकरमानी गावी आले आणि शाळेत विलगीकरण सुरू झालं. त्यात खजिनदारही होते. १४ दिवस माझ्याच वर्गात, प्रोजेक्टरच्या खोक्याशेजारी अंथरूण. वैशाखातला उकाडा, दिवसातून चारदा वीज जायची, पंखा बंद, मोबाईल चार्ज करायचे वांधे. मी रोज दाराबाहेरून चौकशी करायचे. इन्व्हर्टरचा शब्द काढला नाही. ते मात्र एकदा आपणहून म्हणाले, "फारच जाते हो इथली लाइट." मी म्हटलं, हो ना.

२ जूनला त्यांना घरी सोडलं. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. ते रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, पण दापोली आणि मंडणगडचंही त्याने काय करून ठेवलं हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. आमच्या शाळेची अर्ध्याहून जास्त कौलं गेली. वाशांचा एक तुकडा कपाटावर पडून दार वाकलं आणि रात्रभर पाऊस आत. त्या कपाटात जनरल रजिस्टरं, म्हणजे शाळेत नाव घातलेल्या प्रत्येक पोराच्या नोंदीची पुस्तकं होती, सगळ्यात जुनं १९३८ सालचं. शाईने लिहिलेलं. दोन खंडांची ढेप झाली होती, पान सोडवायला गेलं तर पापुद्रा हातात यायचा. वाळवायचं तरी कुठे, आभाळ गळत होतं. चुलीवरच्या माळ्यावर ठेवून जेवढी वाचली तेवढी वाचवली. बाकी पानांवर निळे ढग राहिले, अक्षर नाही.

आणि तरीही आमची एकही नोंद गेली नाही. कारण २०१९ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्या सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवले होते. दूरदृष्टी वगैरे काही नव्हती, कंटाळा होता. जातपडताळणीसाठी मुंबईहून माणसं येतात, ओबीसी असेल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीची नोंद शोधत. आजोबांचं नाव, गाव, जन्मतारीख, जात. दर वेळी ते जीर्ण रजिस्टर उघडायचं, धूळ खायची, पानाचा एक कोपरा मोडायचा. म्हणून एकदाचे फोटो काढले.

आता हे तुमच्या खरंच कामाचं आहे, म्हणून नीट सांगते. उत्तरेकडच्या खिडकीखाली बाक ओढा, सकाळचा उजेड घ्या, फ्लॅश बंद. दोन बाजूंना पाठ्यपुस्तकांच्या सारख्या उंचीच्या चळती रचून वर फूटपट्ट्यांवर फोन आडवा ठेवा, म्हणजे पान तिरकं येत नाही आणि हात थरथरत नाही. पानाला क्रमांक नसेल तर आधी पेन्सिलने घाला. एका फोटोत एकच पान. दोन पानं एकदम घेतलीत की मधल्या शिवणीतली आडनावं वाकडी होतात, आणि नेमकं तेच आडनाव पुढे कोणाला तरी हवं असतं. फोटोला नाव द्या: खंड, पान, साल. आमचे साडेसहाशेच्या आसपास झाले, चार दिवस लागले. ते तीन ठिकाणी ठेवले: फोनच्या कार्डात, शाळेच्या नावाने काढलेल्या गुगल ड्राइव्हवर आणि एका पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह माझ्या माहेरी, चिपळूणला. वादळानंतर आमच्याकडे महिनाभर वीज नव्हती, फोन चार्ज करायला एकाच्या जनरेटरपाशी रांग. त्या दिवसांत गुगल ड्राइव्ह काय उपयोगाचं? कार्डातले फोटोच पंचनाम्याच्या वेळी दाखवले. आणि पुढच्या वर्षी २२ जुलैला चिपळूणच पाण्यात गेलं. माहेरचं घर उंचावर म्हणून पेनड्राइव्ह वाचला. तेव्हा तीन ठिकाणं म्हणजे तीन वेगळी गावं असतील तर बरं.

खजिनदारांच्या नातीच्या जातपडताळणीला त्यांच्या वडिलांची १९५१ ची नोंद लागली. ती सापडली ती त्या फोटोतच, मूळ पानावर नुसता ढग आहे. मी त्याच संध्याकाळी सड्यावर जाऊन पाठवली. पुढचं रीतसर करायला त्यांना वेळ लागला, पण निदान नोंद कुठल्या खंडात, कुठल्या पानावर हे तरी हातात होतं. व्हॉट्सअॅपवर हात जोडलेली सहा चित्रं आली. अर्थिंगचं अजून काही बोलत नाहीत. ते मी शेवटी ग्रामपंचायतीकडून करून घेतलं. चैत्र-वैशाखात त्यात रोज कळशीभर पाणी ओतावं लागतं. आपली जमीन जांभ्याची, पाणी धरत नाही, आणि कोरडा खड्डा म्हणजे नसल्यातच जमा.

आता अॅप. मला तर चारांपेक्षा जास्त कधी लागली नाहीत.

दीक्षा हे शिकवण्याच्या साहित्याचं सरकारी अॅप ठेवा, पण पुस्तकातला क्यूआर कोड वर्गात स्कॅन करत बसू नका, पोरांसमोर चक्र फिरत राहतं. आठवड्याचं जे लागेल ते रेंजमध्ये असताना उतरवून घ्या. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, तीही एकदाच उतरवून ठेवा. मराठी टंकायला फोनच्या कीबोर्डवरचा माइक वापरा, बोलून लिहिलेलं नव्वद टक्के बरोबर येतं. आमच्या वाड्यांची नावं तेवढी त्याला झेपत नाहीत. जुन्या फाँटमधल्या फायली असतील तर युनिकोडमध्ये आणा, नाहीतर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडल्यावर कोंबडीचे पाय दिसतील.

आणि एक्सेल. इथे मी स्वतः तोंडावर आपटले आहे. सरल या राज्याच्या ऑनलाइन नोंदणीतला विद्यार्थी क्रमांक १९ आकडी. एक्सेल १५ आकड्यांपर्यंतच खरं बोलतं, पुढे सरळ शून्यं भरतं. मी पूर्ण यादी टंकली, जतन केली, केंद्रशाळेवर पाठवली. शेवटचे चार आकडे सगळ्यांचे शून्य, म्हणजे एका साली नाव घातलेली सगळी पोरं एकाच नंबरची. आधारचे १२ आकडे तर मध्येच ई आणि अधिकचं चिन्ह घेऊन येतात. उपाय सोपा आहे: आकडे भरायच्या आधी तो पूर्ण रकाना निवडून त्याचा प्रकार टेक्स्ट करा. आधी म्हणजे आधी. शून्यं झाल्यावर टेक्स्ट केलंत तर शून्यंच टेक्स्ट होतात. जन्मतारखांचंही तसंच, ५ जुलैची ७ मे कधी होते कळत नाही.

४० हजारांत प्रोजेक्टर घेऊ नका. अर्थिंग, इन्व्हर्टर, एक चांगली बॅटरी, उरलेल्यात ४३ इंची टीव्ही. देणगीदारांना नाव हवंच असेल तर इन्व्हर्टरच्या पेटीवर लावा, ती भिंतीवर बरीच उंच असते, सगळ्यांना दिसते.

हे सगळं १९ पटाच्या शाळेचं आहे. तुमची हायस्कूल असेल, क्लार्क असेल, ब्रॉडबँड असेल तर हिशोब वेगळा. आणि फोटो म्हणजे रजिस्टर नव्हे, हे आधीच सांगायला हवं होतं. दाखला मूळ नोंदीवरूनच द्यायचा. मूळ खराब झालं तर पंचनामा, वरच्या ऑफिसला पत्र आणि तिथल्या परवानगीनेच पुनर्लेखन, स्वतःच्या मनाने नाही. या फोटोंमध्ये लोकांच्या जाती आणि जन्मतारखा आहेत, ते शिक्षकांच्या ग्रुपवर टाकू नका. ड्राइव्हचं खातं शाळेच्या नावाने काढा, तुमच्या नाही. बदली झाली की पासवर्ड पाकिटात घालून चार्ज यादीत लिहून द्या. माझ्या आधीच्या सरांनी तसं केलं नाही, त्यांनी बनवलेले सगळे गुणतक्ते त्यांच्याबरोबर दुसऱ्या तालुक्यात गेले.

पेपरलेसचं म्हणाल तर पुढच्या आठवड्यात आमच्याकडे तपासणी आहे. ऑनलाइन भरलेल्या सगळ्या माहितीच्या प्रिंट काढून फाइलला लावून ठेवा, असा निरोप आलाय. कागदाचं रिम संपलंय, उद्या हर्णैला जाऊन आणायचंय.