तुमचे प्रश्न : दोन सॉफ्टवेअर, एक शेअर्ड ड्राइव्ह

प्रश्न : आमची संस्था यवतमाळ जिल्ह्यात पाणलोटाची कामं करते. नकाशे करायला ऑफिसात आम्ही तिघं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर वापरतो, एक सहकारी आर्कजीआयएस प्रो वापरतात. शेअर्ड ड्राइव्ह एकच आहे. माझी प्रोजेक्ट फाइल दुसऱ्या कंप्युटरवर उघडली की लेयर (नकाशावरचे माहितीचे थर) सापडत नाहीत, त्या सहकाऱ्यांकडे लाल उद्गारचिन्हं दिसतात. शेततळ्यांच्या लेयरच्या चार प्रती झाल्यात आणि खरी कोणती यावरून वाद होतात. फोल्डर कसे लावावेत?
— एक वाचक, यवतमाळ

उत्तर : उद्गारचिन्हांपेक्षा मला त्या चार प्रतींची काळजी जास्त वाटते. शेततळं नकाशावर चुकीच्या गटात पडलं, तर पुढचं नियोजनही त्याच चुकीवर उभं राहतं. म्हणून आधी हे चौघांत ठरवा, की डेटा कोणत्याच सॉफ्टवेअरचा नाही, तो प्रकल्पाचा आहे. क्यूजीआयएसची क्यूजीझेड काय किंवा आर्कजीआयएसची एपीआरएक्स काय, प्रोजेक्ट फाइलमध्ये तुमची शेततळी नसतातच. ती कुठे ठेवली आहेत याचा पत्ता आणि ती कशी दाखवायची एवढंच त्यात असतं.

मी पाणलोटाच्या प्रत्येक प्रकल्पाला एकच मुख्य फोल्डर करते. त्यात ‘मूळ’ हा एक फोल्डर : बाहेरून आलेले गावनकाशे, उपग्रहचित्रं, जीपीएसच्या फाइल्स. त्याला कोणीही हात लावायचा नाही. दुसरा ‘डेटा’, म्हणजे चालू कामाचे लेयर. मग दोन्ही सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्ट फाइल्सना एकेक वेगळा फोल्डर आणि शेवटी छपाईच्या पीडीएफसाठी एक. कंप्युटरवर ही नावं रोमन अक्षरांत, आखूड आणि मध्ये स्पेस न सोडता द्या. प्रत्येक लेयरला एकच धनी ठरवा. दुरुस्ती त्यानेच करायची, बाकीच्यांनी फक्त पाहायचं. ‘फायनल’, ‘फायनल दोन’ ही नावं धनी ठरल्यावर आपोआप थांबतात.

लेयर साठवायला ‘डेटा’मध्ये शेपफाइल हा फाइलप्रकार नको, जिओपॅकेज हा ठेवा. दोन्ही सॉफ्टवेअर ते उघडतात. मराठीत काम करणाऱ्यांनी तर हा आग्रह धरायलाच हवा. शेपफाइलमध्ये रकान्याच्या नावाला १० बाइट मिळतात आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसकट, ३ बाइट घेतं. ‘गाव’ कसंबसं मावतं, ‘तालुका’ मावत नाही. अक्षरं कोणत्या पद्धतीत साठवली आहेत हे सांगणारी सोबतची सीपीजी फाइल कॉपी करताना मागे राहिली, तर गावांच्या नावांच्या जागी चिन्हांचा गोंधळ दिसू शकतो. जिओपॅकेजमध्ये ही अडचण नाही. मात्र शेअर्ड ड्राइव्हवर ते एका वेळी एकानेच एडिट करावं. क्यूजीआयएसमध्ये उघडं असताना त्याच्या शेजारी वॉल आणि एसएचएम अशा दोन फाइल्स तयार होतात. त्या पुसू नका आणि प्रोजेक्ट बंद केल्याशिवाय कॉपी काढू नका.

आर्कजीआयएसवाल्या सहकाऱ्यांनी विश्लेषण त्यांच्या फोल्डरमधल्या फाइल जिओडेटाबेसमध्ये (जीडीबी, आर्कजीआयएसचा स्वतःचा डेटाबेस) खुशाल करावं, फक्त पक्का झालेला लेयर जिओपॅकेज करून ‘डेटा’त आणून ठेवावा. जीडीबी हा अनेक फाइल्सचा फोल्डर असतो. त्यातली एखादीच फाइल विंडोजमधून हलवली की सगळा डेटाबेस बिघडू शकतो.

आता हरवणारे लेयर. बहुधा तुमची प्रोजेक्ट फाइल सी ड्राइव्हवर, डेस्कटॉपवर आहे आणि डेटा नेटवर्क ड्राइव्हवर. दोन वेगळ्या ड्राइव्हच्या अक्षरांमध्ये सापेक्ष (रिलेटिव्ह) पाथ, म्हणजे प्रोजेक्ट फाइलपासून मोजलेला पत्ता, तयारच होत नाही, पूर्ण पत्ताच नोंदला जातो. शेजारच्या कंप्युटरवर त्याच ड्राइव्हचं अक्षर वेगळं असलं की तो पत्ता खोटा ठरतो. प्रोजेक्ट फाइल डेटाच्या शेजारी, त्याच मुख्य फोल्डरमध्ये आणा आणि सगळ्या मशीनवर ड्राइव्हला एकच अक्षर द्या. क्यूजीआयएसमध्ये प्रोजेक्ट प्रॉपर्टीजच्या जनरलमध्ये ‘रिलेटिव्ह’ निवडलेलं आहे ना, तेही बघा.

तुमच्या जिल्ह्यापुरती एक गोष्ट आवर्जून सांगते. ७८ अंश पूर्व रेखांश यवतमाळ जिल्ह्यातून जातो. पुसद, दिग्रस, उमरखेड यूटीएम या नकाशापद्धतीच्या ४३ व्या झोनमध्ये (पट्ट्यात) पडतात, तर वणी आणि पांढरकवडा ४४ व्या. दोन्ही सॉफ्टवेअर वेगवेगळ्या झोनचे लेयर एकावर एक बिनतक्रार दाखवतात, त्यामुळे घोळ डोळ्यांना दिसत नाही. अंतर, क्षेत्रफळ काढताना तो बाधतो. एकाच प्रकल्पात एकच झोन ठरवा आणि त्याचा ईपीएसजी क्रमांक (नकाशापद्धतीचा ठरलेला कोड), ३२६४३ किंवा ३२६४४, मुख्य फोल्डरमधल्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा. त्याच फाइलमध्ये कोणत्या लेयरचा धनी कोण, हेही लिहा.

रंगसंगतीच्या मागे फार लागू नका. रंग साठवणाऱ्या फाइल्स, क्यूजीआयएसची क्यूएमएल आणि आर्कजीआयएसची एलवायआरएक्स, एकमेकांच्या सॉफ्टवेअरला थेट कळत नाहीत. रंगांचे कोड त्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवले की भागतं.

शेततळ्यांच्या त्या चार प्रतींपैकी एक निवडण्यासाठी मात्र कंप्युटरसमोर बसून वाद घालू नका. चारही लेयर एकावर एक टाका, जिथे जुळत नाहीत त्या गटांची यादी काढा आणि शिवारात जाऊन जीपीएसने पाहून या. उरलेल्या तीन प्रती तारीख घालून झिप करा आणि ‘मूळ’मध्ये ठेवा.