क्वीन्सराइक या अमेरिकी मेटल बँडचा 'ऑपरेशन: माइंडक्राइम' हा अल्बम सलग एक गोष्ट सांगतो म्हणतात. त्यातली दोन-तीन गाणी ऐकली. आवडली, पण यात गोष्ट कुठे आहे?

गोष्ट आहे, आणि चांगली गुंतागुंतीची आहे. फक्त ती दोन-तीन गाण्यांत सापडणार नाही. भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाची एकांकिका चालू असताना मधलाच प्रवेश बघून कुणी उठलं, तर त्याला अभिनय दिसेल, नाटक दिसणार नाही. हा अल्बमही जेमतेम तासाभराचा आहे. शफल बंद करा आणि पंधराही ट्रॅक क्रमाने ऐका.

सुरुवात होते ती शेवटापासून. गोष्टीचा नायक निक्की इस्पितळात पडून आहे, टीव्हीवर बातम्या चालू आहेत, नर्स येऊन बोलून जाते आणि त्याला एकेक आठवायला लागतं. पुढचं सगळं फ्लॅशबॅक. निक्की हेरॉइनच्या आहारी गेलेला, रेगनच्या काळातल्या अमेरिकेवर, तिथल्या पैशावर आणि राजकारणावर भयंकर चिडलेला. त्याची ही चीड एका गुप्त क्रांतिकारी गटाचा सूत्रधार डॉ. एक्स अचूक हेरतो. हेरॉइन पुरवतो, संमोहन करतो आणि त्याला मारेकरी बनवतो. फोनवर 'माइंडक्राइम' एवढा शब्द कानावर पडला की निक्की खून करायला निघतो.

मग मेरी येते. पूर्वीची वेश्या, आता नन. ज्या पाद्र्याने तिला 'वाचवलं' तोच तिचं शोषण करतोय. डॉ. एक्सचा हुकूम सुटतो: दोघांनाही संपव. हा हुकूम 'स्वीट सिस्टर मेरी'च्या सुरुवातीला दोन-चार वाक्यांच्या संवादात येतो आणि मग दहा मिनिटांहून मोठं गाणं उलगडत जातं. माझ्या मते अल्बमचा जीव इथे आहे. लॅटिन कोरस, संगीतकार मायकेल केमनची वाद्यवृंदाची रचना, आणि निक्कीच्या भूमिकेतल्या बँडच्या गायक जेफ टेटसमोर मेरी म्हणून गायिका पामेला मूर. दोघं आळीपाळीने कडवी म्हणत नाहीत, एकमेकांशी भांडतात, विनवतात. निक्की पाद्र्याला मारतो, पण मेरीवर त्याचा हात उचलत नाही.

'द नीडल लाइज'मध्ये तो यातून सुटायला धडपडतो. त्यानंतर मेरी मेलेली सापडते. कुणी मारलं, हे अल्बम सांगत नाही. निक्कीलाही ते ठाऊक नाही.

तुम्ही ऐकलेल्या गाण्यांत 'आय डोन्ट बिलीव्ह इन लव्ह' बहुधा असेलच, ते सिंगल म्हणून आलं होतं. सुटं ऐकलं तर ते प्रेमभंगाचं गाणं वाटतं. क्रमाने तिथवर पोचलात की कळतं, हा माणूस मेरीच्या मृत्यूनंतर, स्वतःच्याच हातांवर विश्वास उरलेला नसताना बोलतोय. सूर तेच, शब्द तेच, पण अर्थ अंगावर येतो. म्हणून मी या अल्बमला थोर म्हणतो. १९८८ मध्येच आयर्न मेडन या बँडचाही कॉन्सेप्ट अल्बम, म्हणजे एकाच कथासूत्रावर बेतलेला अल्बम, आला, तो मला मनापासून आवडतो, पण गोष्ट इतकी घट्ट विणलेली तिथे नाही.

शेवटच्या 'आइज ऑफ अ स्ट्रेंजर'ला घाईने बंद करू नका. गाणं संपताना आधीचे आवाज पुन्हा कानावर येतात आणि निक्की म्हणतो, 'आय रिमेंबर नाऊ'. हेच पहिल्या ट्रॅकचं नाव आहे, म्हणजे तुम्ही परत इस्पितळातल्या त्याच खाटेपाशी.

पहिल्यांदा ऐकताना गीतं समोर उघडून ठेवा. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये दुचाकीवर हेडफोन लावून अजिबात नको. धोका आहेच, शिवाय हळू आवाजातले संवाद निसटतात. व्यसन, लैंगिक शोषण आणि खून यांचं वर्णन थेट आहे, तेवढी मनाची तयारी ठेवा. २००६ मध्ये याचा दुसरा भाग आला, तो लगेच ऐकू नका. मेरीचं काय झालं असेल याचा आधी स्वतः विचार करा. हा आवडला तर पुढे किंग डायमंडचा १९८७ चा 'अबिगेल' आणि मग ड्रीम थिएटरचा १९९९ चा 'सीन्स फ्रॉम अ मेमरी' ऐका.