पेटी फूरवरचं (एका घासाच्या छोट्या केकवरचं) फाँडंट, म्हणजे साखरेचं ओतायचं आवरण, चमकदार का राहत नाही, कडांवरून केकचा चुरा का दिसतो?

दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

चमक जाते ती तापमानामुळे. ओतायचं फाँडंट डबल बॉयलरवर (गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात) ३५ ते ३८ अंश सेल्सिअसपर्यंतच गरम करा. ४० च्या वर गेलं की त्यातले साखरेचे बारीक कण विरघळतात आणि थंड होताना मोठे होऊन परत जमतात. थर मंद आणि कडक होतो. घट्ट वाटलं तर आच वाढवू नका, समभाग साखर-पाण्याचा पाक चमचा-चमचा घाला. थर्मामीटर हवाच, अंदाजाने हे जमत नाही.

चुरा दिसतो तो केकच्या बाजू जॅमने बंद न केल्यामुळे. ३ अंडी, ९० ग्रॅम साखर, ६० ग्रॅम बदामाची पूड, ६० ग्रॅम मैदा आणि ३० ग्रॅम वितळलेलं लोणी यांचा स्पंज २५×३५ सेंमीच्या ट्रेमध्ये २०० अंशांवर १०-१२ मिनिटं भाजा. तीन पट्ट्या कापून जर्दाळूच्या जॅमने एकावर एक चिकटवा, वर मार्झिपॅनचा (बदामाची पूड आणि साखर यांच्या मळलेल्या गोळ्याचा) २ मिमी थर. वजन ठेवून रात्रभर फ्रिजमध्ये. थंड असतानाच गरम, पुसलेल्या सुरीने ३ सेंमीचे चौकोन कापा. साधारण २४ होतात. मग चारही बाजूंना गाळलेला गरम जॅम ब्रशने लावा. ही पायरी लोक गाळतात, आणि तिथेच सगळं बिघडतं.

जाळीवर ठेवून ५०० ग्रॅम फाँडंट एका धारेत ओता, खाली सांडलेलं गाळून पुन्हा वापरा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तयार तुकडे फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढताच पाणी सुटतं.