यादीत एक तारीख, मेल उघडल्यावर दुसरी: घड्याळाला हात लावण्याआधी हे बघा

मेल नव्या सर्व्हरवर हलवल्यापासून इनबॉक्सच्या यादीत सगळ्या जुन्या मेलवर हलवाहलवीच्या दिवसाचीच तारीख दिसते, उघडल्यावर मात्र बरोबर दिसते, हा तुमचा प्रश्न. सर्व्हरचं घड्याळ चुकलं असतं तर नवे मेलही चुकले असते. ते ठीक येताहेत, तेव्हा घड्याळ सोडा.

प्रत्येक मेलला दोन तारखा असतात. एक 'डेट' हेडरमधली: ती पाठवणाऱ्याकडे लागते आणि मेलच्या मजकुरासोबतच राहते. दुसरी 'इंटर्नल डेट', म्हणजे मेल पेटीत येऊन पडल्याची वेळ. ती आयमॅप सर्व्हर (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचू देण्याची पद्धत वापरणारा) वेगळी जपतो. मेल हलवताना बिघडते ती ही दुसरी.

राउंडक्यूब (ब्राउझरमध्ये मेल वाचायचं ॲप) असेल तर यादीच्या पर्यायांत क्रम कशावर लावलाय ते आधी बघा. तो आगमनाच्या तारखेवर असेल तर यादीच्या रकान्यातही इंटर्नल डेटच दिसते. तिथे साधी 'तारीख' निवडली की यादी लगेच सुधारेल. पण ही मलमपट्टी झाली. इंटर्नल डेटवर चालणाऱ्या दुसऱ्या मेल ॲपमध्ये तोच गोंधळ राहणार.

मुळातून दुरुस्तीसाठी मेल कसे हलवले ते आठवा. सर्व्हरवर डव्हकॉट (आयमॅप सर्व्हरचं सॉफ्टवेअर) आणि मेलडिर (प्रत्येक मेल वेगळ्या फाइलीत ठेवायची रचना) असेल तर इंटर्नल डेट म्हणजे फाइलची 'शेवटचा बदल' ही वेळ. वेळ न जपता फाइली कॉपी केल्या की सगळ्यांना आजची तारीख लागते. जुना सर्व्हर अजून चालू असेल तर सर्वांत सोपं म्हणजे वेळ जपून पुन्हा कॉपी करणं: कॉपी करणाऱ्या आरसिंक कमांडला 'ए' पर्याय, सीपी कमांडला 'पी'. जुना सर्व्हर बंद झाला असेल तर फाइलच्या नावाकडे बघा. सुरुवातीचा दहा आकडी अंक म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद. १७०४०६७२०० म्हणजे १ जानेवारी २०२४ची मध्यरात्र, यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे. हा अंक 'टच' कमांडला देऊन प्रत्येक फाइलची वेळ मागे नेता येते. आधी बॅकअप घ्या, तोही वेळ जपूनच!

मात्र मेल आयमॅपमधून ओढले असतील तर नावातला अंकही हलवल्याच्याच दिवसाचा असतो. पॉप३मध्ये (मेल उतरवून घेण्याची जुनी पद्धत) तर इंटर्नल डेट नावाची गोष्टच नाही. अशा वेळी छोट्या स्क्रिप्टने फाइलीतल्या 'डेट' हेडरवरून वेळ लावायची. स्क्रिप्ट चालवल्यावर त्या फोल्डरमधली डव्हकॉटची इंडेक्स कॅश फाइल काढून टाका, नाहीतर जुनीच तारीख दिसत राहील आणि स्क्रिप्ट चाललीच नाही असं वाटेल. 'यूआयडीलिस्ट' (मेलना दिलेल्या क्रमांकांची यादी) फाइलला मात्र हात लावू नका. ती गेली की सगळे क्लायंट पूर्ण पेटी पुन्हा उतरवू लागतात.

यानंतरही एखाददुसरा मेल वेडीवाकडी तारीख दाखवत असेल तर त्याचं कारण वेगळं. मेलचा मूळ सोर्स उघडा आणि 'रिसीव्ह्ड' ओळी खालून वर वाचा. प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वर चढवतो, वेळ अर्धविरामानंतर असते. सर्वांत खालच्या ओळीपेक्षा 'डेट' काही तास पुढे किंवा काही वर्षं मागे-पुढे असेल तर पाठवणाऱ्याचं घड्याळ चुकलंय, तुमच्याकडे दुरुस्त करण्यासारखं काही नाही. स्कॅनर, कॅमेरा रेकॉर्डर यांचं हे नेहमीचं दुखणं: आतली बटण बॅटरी संपली की घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर जातं. त्यांना एनटीपी सर्व्हर (नेटवर्कवरून बरोबर वेळ देणारा) द्या आणि यूडीपी पोर्ट १२३ फायरवॉलमध्ये अडत नाही ना ते बघा.

१ जानेवारी १९७० दिसलं तर बहुतेक वेळा 'डेट' हेडर गायब असतं किंवा वाचता येत नाही. महिन्याचं नाव इंग्रजीऐवजी दुसऱ्या भाषेत लिहिणाऱ्या स्क्रिप्ट असले उद्योग करतात. आणि फरक नेमका साडेपाच तासांसारखा ठरावीक असेल तर तो टाइम झोनचा. राउंडक्यूबमध्ये तो वापरकर्त्याच्या सेटिंगमध्ये बदलतो, जीमेलमध्ये तुमच्या संगणकाचाच झोन तपासा.