ज्या टीमला आपलं नावही माहिती नाही तिच्यासाठी लोक जेवण का सोडतात? यामागचं मानसशास्त्र काय?

प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले, कारण हेच वाक्य आमचे थोरले दाजी प्रत्येक मोठ्या मॅचनंतर घरात टाकतात. "त्या कोहलीला तुमचं नाव तरी माहिती आहे का?" आणि मग असं बघतात की झालं, विषय संपला. मानसशास्त्राचं पण सांगते, त्यावर बरंच वाचलंय, पण आधी आमच्या घरातलं ऐकून घ्या.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, एसटीत कंडक्टर होते. मुक्कामी गाडीची ड्युटी ज्यांच्या घरात होती त्यांना कळेल, संध्याकाळी कुठल्यातरी टोकाच्या गावात गाडी लागायची, सकाळी पहिली फेरी तिथूनच. गाव परकं, माणसं परकी, देवळाच्या ओट्यावर अंथरूण. अण्णांजवळ ट्रान्झिस्टर असायचा. मॅच असली की अर्ध्या तासात ओट्यावर पंधरा-वीस माणसं जमायची आणि ज्या गावात कंडक्टरला चहा कुणी विचारत नाही त्याच गावात अण्णांना घरून भाकरी यायची. 13 मार्च 1996 ची कलकत्त्याची वर्ल्ड कपची भारत-श्रीलंका सेमीफायनल त्यांनी अशीच एका वस्तीवर ऐकली. 1 बाद 98 होता भारताचा स्कोअर, सचिन 65 वर स्टंपिंग झाला आणि तिथून 8 बाद 120, मग लोकांनी स्टेडियममध्ये बाटल्या फेकल्या, आग लावली, मॅच श्रीलंकेला देऊन टाकली. अण्णा सांगतात त्या रात्री ओट्यावरचं कुणी घरी गेलंच नाही, नुसते बसून राहिले. त्या गावातल्या एका माणसाशी अण्णांची तेव्हापासूनची सोयरीक म्हणा इतकी ओळख आहे, बहिणीच्या लग्नाला तो ज्वारीचं पोतं घेऊन आलेला.

आता 2016. लातूरकरांना वेगळं सांगायला नको, बाकीच्यांसाठी थोडक्यात: मांजरा धरण कोरडं, नळाला पाणी नाही, पाण्याच्या टाक्यांपाशी मारामाऱ्या होतील म्हणून मार्चमध्ये कलेक्टरनी 144 कलम लावलेलं. आमच्या गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा, कधी रात्री, कधी पहाटे, काही नेम नाही. घराघरासमोर निळे ड्रम, त्यावर ऑइल पेंटनं आडनाव, आणि दोन ड्रमच्या कड्यांतून साखळी घालून कुलूप लावलेलं, कारण रिकामे ड्रम पण चोरीला जायचे. त्याच आठवड्यात आईचं आणि समोरच्या काकूंचं ड्रम पुढं सरकवण्यावरून असं वाजलं होतं की दोघी एकमेकींच्या दाराकडं बघत पण नव्हत्या. आणि या दोघी आधी पापड लाटायला एकत्र बसणाऱ्या.

23 मार्चला होळी होती. पेटवली नावाला. दुसऱ्या दिवशी धुळवड, पण रंग खेळायचं कुणाच्या मनात सुद्धा नव्हतं. आणि होळीच्याच रात्री बंगळूरला टी-20 वर्ल्ड कपमध्ये भारत-बांगलादेश मॅच. टँकर येणार येणार म्हणून सगळी गल्ली बाहेरच बसलेली, तर अण्णांनी दोन पोरांना हाताशी घेतलं आणि आमचा जुना डब्बा टीव्ही उचलून खिडकीत गल्लीकडं तोंड करून ठेवला, केबलची वायर पुरेना तर टेबलच सरकवलं. भारताचे 146 झालेले, म्हणजे काहीच नाही. टँकर आला तो बांगलादेशच्या शेवटच्या पाच-सहा ओव्हर राहिलेल्या तेव्हा. ड्रायव्हरनं क्लीनरच्या हातात नळी दिली आणि स्वतः येऊन खिडकीपाशी उभा राहिला.

शेवटच्या ओव्हरला 11 पाहिजे होते, बॉलिंगला हार्दिक पांड्या. पहिल्या बॉलला एक, मग मुशफिकुरनं लागोपाठ दोन चौके मारले आणि मूठ वळून जल्लोष सुरू केला, अजून तीन बॉलमध्ये दोन रन बाकी होते तरी. पाठीमागून कुणीतरी "बंद करा ओ" म्हणालं. मग मुशफिकुर कॅच आऊट. पुढच्या बॉलला महमुदुल्ला कॅच आऊट. शेवटच्या बॉलला दोन पाहिजेत, बॅट्समन चुकला, धोनीच्या हातात बॉल, आणि तो थ्रो न करता स्वतःच पळत सुटला आणि स्टंप उडवले. एका रननं जिंकलो. नळी कुणाच्या ड्रममध्ये होती कुणास ठाऊक, पाणी सांडायला लागलं तेव्हा क्लीनर ओरडला.

आणि मग काकू उठून आमच्या दाराशी आल्या आणि आईला विचारलं, "धोनीनं एका हातातला ग्लोव्ह कामून काढला होता ओ?" आईला काय माहीत, तिनं अण्णांना हाक मारली, अण्णांनी सांगितलं की बॅट्समन चुकला तर लगेच बॉल फेकता यावा म्हणून त्यानं आधीच काढून ठेवला होता, आणि मग तिघं तिथंच उभे राहून मॅचवरून टँकरवर, टँकरवरून काकूंच्या पोराच्या परीक्षेवर असं बोलत राहिले. ड्रमचा विषय कुणी काढला नाही, माफी-बिफी कुणी मागितली नाही. पुढच्या टँकरला काकूंचा पोरगा आमचा ड्रम भरत होता.

आता मला सांगा, धोनीला काकूंचं नाव माहिती असायची काय गरज होती यात?

माझं मत एकदम स्पष्ट आहे. टीमवर प्रेम म्हणजे खेळाडूशी नातं, हे लोकांनी चुकीचं धरलेलं आहे. नातं शेजारी बसून बघणाऱ्याशी असतं. ज्याच्याशी ना जातीचा संबंध, ना भावकीचा, ना कामाचा, त्याच्याशी बोलायला आपल्याकडं दुसरं काय साधन आहे? मराठवाड्यात दोन अनोळखी माणसं भेटली की पहिला प्रश्न "गाव कोणतं" आणि दुसरा "आडनाव काय", आणि तिसरा काय असतो ते तुम्हाला माहिती आहे. "स्कोअर किती झाला" हा एकच प्रश्न मी असा बघितलाय ज्याला आडनाव लागत नाही.

आता अभ्यासाचं. हेन्री ताजफेल नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1970 च्या आसपास ब्रिस्टलमध्ये शाळकरी पोरांवर प्रयोग केले. पोरांना सांगितलं की तुला अमुक चित्रकाराची चित्रं आवडली म्हणून तू या गटात, तुला तमुक चित्रकाराची आवडली म्हणून त्या गटात, आणि खरं तर ते गट असेच चिठ्ठी टाकल्यासारखे पाडलेले होते. मग प्रत्येकानं दुसऱ्यांना पैसे वाटायचे. समोरचा कोण ते माहिती नाही, नाव नाही, नुसता नंबर आणि गट. तरी पोरांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. म्हणजे "आपला" वाटायला नाव माहिती असावं लागत नाही, हे पन्नास वर्षांपूर्वी सिद्ध झालंय, दाजींना नवीन असेल.

तरी पण कुठला तरी धागा लागतोच. लातूर-धाराशिवकडं चेन्नईचे फॅन धोनीमुळं आधीपासून ढिगानं होते, पण 2022 च्या लिलावात तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरला चेन्नईनं घेतलं तेव्हा ज्यांनी कधी आयपीएल बघितली नव्हती त्या म्हाताऱ्या माणसांनी पण पोराचं नाव विचारायला सुरुवात केली. 2023 ला पहिल्याच मॅचमध्ये त्यानं तीन विकेट काढल्या, चेन्नई हरली ती मॅच, तरी इकडं दुसऱ्या दिवशी चर्चा त्याचीच. बीडमध्ये जन्मलेल्या संजय बांगरचं पण तसंच, 2002 ला लीड्सच्या कसोटीत द्रविड, सचिन, गांगुली तिघांची शतकं सगळ्यांना आठवतात, पण ओपनिंगला येऊन 68 करत द्रविडबरोबर 170 ची भागीदारी केली ती बांगरनं, आणि हे अण्णा आजही प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात.

दुसरा एक प्रयोग मला फार आवडतो. इंग्लंडमध्ये मार्क लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मँचेस्टर युनायटेडच्या फॅन पोरांना बोलावलं आणि एका बिल्डिंगमधून दुसरीकडं चालत पाठवलं. वाटेत एक जण पळता पळता पडायचा आणि घोटा धरून कण्हायचा. त्याच्या अंगात युनायटेडचा शर्ट असला तर बहुतेक जण मदतीला थांबले, लिव्हरपूलचा किंवा साधा शर्ट असला तर बरेच जण सरळ पुढं निघून गेले. पण नंतर दुसऱ्या पोरांशी आधी "तुम्ही फुटबॉलप्रेमी" या अंगानं बोलणं केलं, तर त्यांनी कट्टर वैरी असलेल्या लिव्हरपूलच्या शर्टवाल्याला पण उचललं. 2005 साली छापून आलंय हे. मला वाचताना ड्रमची रांगच आठवली. वर्तुळ कुठं आखायचं त्यावर सगळं आहे.

हरल्यावर जेवण सोडण्याचं विचारलंत. रॉबर्ट चाल्डिनी नावाच्या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या टीमनं अमेरिकेतल्या विद्यापीठांत बघितलं, 1976 साली छापून आलंय, शनिवारी कॉलेजची टीम जिंकली की सोमवारी वर्गात कॉलेजच्या नावाचे टी-शर्ट जास्त दिसायचे. हरली की कमी. आपल्याकडं 19 नोव्हेंबर 2023 आठवा, ओळीनं दहा मॅच जिंकून फायनलला गेलो, अहमदाबादला ऑस्ट्रेलियाकडून हरलो आणि सकाळी लातुरात निळी जर्सी शोधून सापडत नव्हती. जर्सी काढून ठेवणारे सीझनचे फॅन. जे जर्सी काढू शकत नाहीत ते जेवण सोडतात. हरलेलं अंगाला लावून घ्यायचं नसतं तर जिंकलेलं कुठून लागणार? डॅनियल वॅन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं आयुष्य याच विषयात घातलंय, त्याचं म्हणणं की जवळच्या, आपल्या भागातल्या टीमशी घट्ट जोडलेल्या लोकांना एकटेपणा कमी वाटतो आणि त्याला टीम जिंकायचीच गरज नसते.

आता दाजींचा मूळ मुद्दा. 31 मार्च 2016 ला वानखेडेवर वेस्ट इंडिजकडून सेमीफायनल हरलो. 192 करून हरलो, कोहली 89 नाबाद, आणि सिमन्स दोनदा नो-बॉलवर वाचून 82 नाबाद मारून गेला. अण्णा जेवले नाहीत. 8 एप्रिलला पाडवा, दाजी-ताई नांदेडहून आलेले, आणि सगळ्यांसमोर पानावर बसून दाजी म्हणाले, "गावाला प्यायला पाणी नाही आन् तुम्ही मॅचपायी जेवण सोडलालाव? शोभतं का?" अण्णा काही बोलले नाहीत. जावयाला काय बोलणार. पुढं 12 एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, पाच लाख लिटर, आणि 13 एप्रिलला हायकोर्टानं सांगितलं की 30 एप्रिलनंतरच्या आयपीएलच्या मॅच महाराष्ट्राबाहेर न्या. दाजींचा लगेच फोन, बघा, कोर्ट पण तेच म्हणतंय. अहो कोर्ट मैदानावर मारायच्या पाण्याबद्दल बोललं. मॅच हलवल्या ते योग्यच केलं, मला तेव्हाही वाटलं आणि आताही वाटतं. पण तहानलेल्या माणसानं आनंद पण सोडावा असं कुठं लिहिलंय? अण्णांनी एक वेळचं जेवण सोडलं, पाणी कुणाचं तोडलं नाही.

आणि दाजी स्वतः? एका नेत्यापायी सख्ख्या चुलतभावाशी दोन निवडणुकांपासून बोलत नाहीत. त्या नेत्याला दाजींचं नाव माहिती आहे का, हे मी अजून विचारलेलं नाही. इथं विचारते.

काही गोष्टी मान्य करायलाच पाहिजेत. 2006 च्या फुटबॉल वर्ल्ड कपमध्ये म्युनिक परिसरात जर्मनीच्या मॅचच्या दिवशी हृदयविकाराच्या तातडीच्या केसेस अडीच पटीच्या वर गेल्या होत्या, तेव्हा बीपी-शुगरवाल्यांनी गोळी घेऊन बसा, जेवण तर अजिबात सोडू नका, अण्णांना आता आम्ही टॉसच्या आधीच जेवायला वाढतो. 4 जून 2025 ला बंगळूरला आयपीएल जिंकल्याच्या जल्लोषाच्या गर्दीत 11 जीव गेले, ते प्रेमाच्या नावाखाली खपवता येत नाही, गर्दीत लेकरं नेऊ नका. ॲपवर पैसे लावणारा माणूस माझ्या हिशोबात फॅन नाहीच. आणि ताई आठवण करून देते की त्या होळीच्या रात्री खिडकीपाशी पुरुष जास्त आणि हंडे उचलायला बायका जास्त होत्या. हे शंभर टक्के खरं आहे.

तुमच्या घरात हरल्यावर न जेवणारं कुणी असेल तर नाव माहिती आहे का असलं विचारू नका. ताट झाकून ठेवा आणि सकाळी विचारा की मॅच नेमकी कुठल्या ओव्हरला गेली. आपोआप बोलतील, आणि जेवतील पण.

आमचा भाचा यंदा दहावीला आहे, मॅचच्या दिवशी दाजी सेटटॉपचं कार्ड काढून ठेवतात. तर तो रात्री आजोबांना फोन करतो आणि अण्णा त्याला फोनवर कॉमेंट्री सांगतात. दाजी, ताईनं तुम्हाला हे उत्तर पाठवलं तर रागावू नका, पण ते कार्ड परत घाला, आणि एखादी मॅच पोराशेजारी बसून बघा.