तमिळचा वर्ग बंद केला की मराठी सुधारेल का?

"मॅडम, घरी तमिळ, शाळेत इंग्रजी आणि मराठी, गल्लीत हिंदी. त्यात रविवारी पुन्हा तमिळ लिहायला शिकायचं. पोरीच्या डोक्यात सगळं एक होतंय. वर्ग बंदच केलेला बरा ना?"

धारावी-सायन भागात समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. यातल्याच एका आईबद्दल आज लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीकडची माणसं धारावीत आली ती चामड्याच्या कामासाठी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून. त्यांच्या मुलांसाठी महापालिकेच्या तमिळ माध्यमाच्या शाळा होत्या, आजही आहेत. मात्र बहुतेक पालकांना आता इंग्रजी माध्यम हवं असतं. त्यामुळे तमिळ लिहिणं-वाचणं येऊन पडलं आहे वस्तीतल्या रविवारच्या वर्गांवर. हा वर्गही तसाच, देवळाशेजारच्या माडीवर भरणारा. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई शिकवतात. मुलं सतरंजीवर बसून 'अ – अम्मा, आ – आडु, इ – इलै' म्हणजे आई, शेळी, पान, असं घोकतात.

माझ्याकडे आलेल्या आईची मुलगी चौथीत होती. मराठीत सतत कमी गुण, वर्गात तोंड उघडत नाही, अशी शाळेची तक्रार. शाळेनं सल्ला दिला: तमिळ थांबवा, घरी इंग्रजीत बोला. आईनं तो मनापासून पाळला. पहाटे उठून इडलीचं पीठ आणि चटणी करणारी, रात्री लेकीला गावाकडच्या गोष्टी रंगवून सांगणारी ही बाई आता घरात 'कम', 'ईट', 'स्लीप' एवढंच बोलू लागली. मराठीचे गुण काही वाढले नाहीत. उलट सोमवारी सकाळी मुलीच्या पोटात दुखायला लागलं. गावाहून पाट्टीचा, म्हणजे आजीचा, फोन आला की ती आत निघून जायची.

मी आईला आधी मुलीच्या वह्या आणायला सांगितल्या. मराठीच्या वहीत 'गाडी'ची 'काडी' झाली होती, 'भात'चा 'पात', 'दूध'चं 'तूत'. लाल शाईनं पानं भरली होती. पण चुका एकाच जातीच्या होत्या. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चारही ध्वनींना एकच अक्षर आहे. त, थ, द, ध यांना एक. प, फ, ब, भ यांनाही एकच. शब्दाच्या सुरुवातीला ते सहसा क, त, प असंच वाचायचं. मुलगी तोच नियम मराठीला लावत होती, आणि तोही न चुकता! गोंधळलेलं मूल इतक्या शिस्तीनं चुकत नाही. गणिताची वही तर उत्तम होती.

मग तमिळच्या बाईंना बोलावलं. त्यांनी मुलीला पाट्टीकडची एखादी गोष्ट सांगायला लावली. मला तमिळ जुजबीच समजतं, पण मुलगी हातवारे करत न अडखळता बोलत राहिली हे कळायला भाषा लागत नव्हती. बाई म्हणाल्या, "अगदी क्रमानं सांगितलं, काही गाळलं नाही."

माझ्या दृष्टीनं निदान इथेच झालं. अडचण मुलाच्या सगळ्या भाषांत दिसत असेल, घरच्या भाषेतही ते मागे असेल, शब्द सापडत नसतील, तर थांबू नये. आधी कान तपासावेत, मग अध्ययन अक्षमतेची चाचणी करून घ्यावी. आमच्याकडे त्यासाठी सायन रुग्णालय जवळ आहे. पण घरच्या भाषेत मूल मोकळं बोलतं आणि एकाच भाषेत अडतं, तेव्हा बहुतेक वेळा त्या भाषेचा सराव कमी पडलेला असतो. तो सराव वाढवायचा. दुसरी भाषा काढून घेतल्यानं तो वाढत नाही.

दोन भाषांनी बुद्धी मंदावते, असं एके काळी अभ्यासकही म्हणत. त्यातल्या बऱ्याच पाहण्यांत गरीब स्थलांतरितांच्या मुलांची तुलना सुस्थितीतल्या मुलांशी झालेली असे, आणि परीक्षाही त्यांना कच्च्या असलेल्या भाषेत. एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९६२ साली कॅनडातल्या मॉन्ट्रियलमधल्या दहा वर्षांच्या मुलांची तुलना घरची परिस्थिती सारखी धरून केली, तेव्हा फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही नीट येणारी मुलं सरस ठरली. चौथीतल्या मुलीची परीक्षा तिच्या सगळ्यात कच्च्या भाषेत घ्यायची आणि दोष आईच्या भाषेला द्यायचा, हे आजही चालतं याचं मला फार वाईट वाटतं.

आईला मी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की आजपासून घरात पुन्हा तमिळ. तिला रडू आलं. "शाळा रागावली तर?" शाळेशी मी बोलले. वर्गशिक्षिका समजूतदार होत्या. एवढ्या मोठ्या वर्गात एकेका मुलाची वही इतकी निरखायला त्यांना वेळ कुठून मिळणार? मोठ्यानं वाचायचा उतारा मुलीला आदल्या दिवशी द्यायचं त्यांनी कबूल केलं. पोटदुखीचं कारणही तिथेच कळलं. 'गाडी आली'चं 'काडी आली' वाचल्यावर मुलं हसली होती आणि पुढे तिला त्याच नावानं हाका मारत होती. ते त्यांनी थांबवलं.

बाकी काम तमिळच्या बाईंनी केलं. रविवारच्या वर्गात शेवटची काही मिनिटं त्या मराठी घेऊ लागल्या. तळहात तोंडासमोर धरून 'क' म्हणायचं, मग 'ख', आणि वाऱ्याचा फरक ओळखायचा. बोटं गळ्यावर ठेवून 'क' आणि 'ग' म्हणायचं, कुठल्या अक्षराला गळा थरथरतो ते सांगायचं. ती थरथर पहिल्यांदा जाणवली तेव्हा मुलगी स्वतःचा गळा सोडून बाईंचा गळा चाचपायला गेली. 'ळ' तर तिला आधीपासून स्वच्छ येत होता.

"अम्मा, डबा एंगे?" अशी सरमिसळ झाली की आई अजूनही दचकते. डबा कुठे, एवढंच लेक विचारत असते. आपणही 'भाजी कट करून ठेव' म्हणतोच की.

अमेरिकेत मुलांना रविवारच्या मराठी शाळेत घालणारे पालक मला हाच प्रश्न उलट बाजूनं विचारतात: मराठीमुळे इंग्रजी मागे पडेल का? त्यांनाही हेच सांगते, आणि एक भर घालते. आठवड्याच्या एका वर्गावर भाषा टिकत नाही, ती घरात बोलली गेली पाहिजे. मूल थकत असेल तर आधी बाकीच्या शिकवण्या कमी करा.

मुलीचे वडील फारसे बोलत नसत. एकदा मात्र म्हणाले, "मुंबईत राहायचं तर मराठी आलंच पाहिजे, मॅडम." मी म्हटलं, अगदी खरं, आणि ते येतंय. सहामाहीत ती पास झाली. 'ब' आणि 'भ' अजून चुकतात. पोटदुखी गेली.

परवा आई धाकट्याला घेऊन आली होती. तो पाच वर्षांचा आहे. त्याला वर्गात आत्ता घालू, की आधी मराठी-इंग्रजी अक्षरं पक्की होऊ देत, असा तिचा प्रश्न होता. आत्ताच पाठवा, म्हटलं. बसू दे, गाणी ऐकू दे. अक्षरं गिरवायची घाई नको. तो पाटी मागेल तेव्हा द्या. आणि त्याच्याशी तमिळच बोला.