विद्यापीठात अभिजात फ्रेंच साहित्य शिकण्यापूर्वी इंग्रजी भाषांतरे वाचून घेतली तर चालेल का?

आपण विचारले आहे की बी. ए.नंतर फ्रान्समध्ये साहित्यात एम. ए. करायचे आहे, तर सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातील कोणती पुस्तके वाचावीत आणि ती आधी इंग्रजीतून वाचून घेतली तर चालतील का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. चालणार नाहीत. मी तेच करून गेलो होतो आणि तेव्हा झालेली फजिती अजून विसरलेलो नाही.

पुण्यात आम्हाला साहित्य शिकवणाऱ्या सरांची पद्धत सोपी होती. शतक, प्रवाह, लेखक, कृती आणि साल असा तक्ता पाठ करायचा, कथानके इंग्रजीतून वाचून घ्यायची आणि मूळ संहितेतल्या दोन-चार प्रसिद्ध ओळी उत्तरपत्रिकेत पेरायच्या. कॉर्नेयचे ‘ल सिद’ १६३७ चे, मोलिएरच्या ‘तार्त्युफ’वर १६६४ मध्ये बंदी आली आणि १६६९ मध्ये ते पुन्हा रंगभूमीवर आले, ‘मादाम बोव्हारी’साठी फ्लोबेरवर १८५७ मध्ये खटला चालला आणि तो निर्दोष सुटला, हे सारे मी आजही झोपेत म्हणून दाखवीन. त्याच बळावर मला पहिला वर्गही मिळाला.

फ्रान्समध्ये पहिल्याच सत्रात माझ्या वाट्याला ‘एक्सप्लिकास्यों द तेक्स्त’ आली. वीस-पंचवीस ओळींचा उतारा आधी मोठ्याने वाचायचा आणि मग ओळीओळीने उलगडून दाखवायचा, असा हा प्रकार असतो. त्यात कथानक सांगत बसणे किंवा कवीचेच म्हणणे आपल्या शब्दांत पुन्हा मांडणे हा मोठा दोष मानतात. मला मिळाले होते रासीनचे १६७० चे ‘बेरेनीस’, पहिल्या अंकातला चौथा प्रवेश. पाच वर्षे गप्प राहिलेला राजा आंतिओकुस अखेर राणी बेरेनीसजवळ आपल्या प्रेमाविषयी मन मोकळे करतो आणि ती रोमला निघून गेल्यावर आपले काय झाले ते सांगतो: ‘दाँ लोरियाँ देझेर केल दव्हँ मोनान्वी’.

ही ओळ मी रोजच्या बोलण्यातल्या वेगाने वाचली आणि बाईंनी मला तिथेच थांबवून अक्षरे मोजायला सांगितली. अलेक्सांद्रँ वृत्तात बारा अक्षरे लागतात आणि सहाव्यानंतर यती येतो. माझी भरली दहा. ‘लोरियाँ’चे तीन उच्चार ‘लो-रि-याँ’ असे सुटे करायचे होते, ते मी दोनांत उरकले होते, आणि ‘दव्हँ’मधला ‘द’ तर बोलताना गिळतात तसा चक्क गिळला होता. शाळेत ‘यमाताराजभानसलगं’ घोकलेल्या माणसाला अक्षरे मोजणे शिकवावे लागले, ही लाज वेगळीच. ओळ म्हणते, ‘ओसाड पूर्वेत माझा आन्वी केवढा झाला!’ यतीनंतरच्या या ‘आन्वी’चा अर्थ मी ‘कंटाळा’ असा सांगितला, कारण आजच्या फ्रेंचमध्ये तो तसाच आहे. सतराव्या शतकात त्याच शब्दाचा अर्थ जीव जाळणारे दुःख असा होता. म्हणजे ओसाड पूर्वेत प्रेयसीवाचून तळमळणाऱ्या राजाला मी भर वर्गात कंटाळवाणी दुपार घालवणारा माणूस करून टाकले होते. हे नाटक मी आधी इंग्रजीतून वाचलेले होते. त्यामुळेच ओळ आपल्याला कळली आहे असे वाटले आणि शब्दकोश उघडण्याची गरज भासली नाही.

असे फसवे शब्द पुष्कळ आहेत. ‘जेन’ म्हणजे आज अवघडलेपण, पण तेव्हा यातना. ‘एतोने’ म्हणजे आज चकित होणे, पण तेव्हा वीज कोसळल्यासारखे हादरणे. त्यासाठी एकोणिसाव्या शतकातला लित्रेचा कोश जवळ ठेवा; तो जुने अर्थ उदाहरणांसह देतो.

आता पुस्तकांविषयी. मोलिएरपासून सुरुवात करावी, पण ‘लाव्हार’ (१६६८) किंवा ‘दों ज्वाँ’ (१६६५) घ्यावे, कारण ती दोन्ही गद्यात आहेत. नंतर व्होल्तेरचे ‘कांदीद’ (१७५९), जे एका आठवड्यात संपते. ‘ला प्रँसेस द क्लेव्ह’ (१६७८) ही कादंबरी आकाराने लहान दिसते, पण तिच्यातली वाक्ये लांबलचक आहेत आणि सुरुवातीलाच दरबारातल्या नावांची रांग लागते, तेव्हा ती पहिली घेऊ नका. पद्यनाटके त्यानंतर, आणि तीही मोठ्याने वाचून. एकोणिसाव्या शतकाविषयी इथे फारसे लिहीत नाही. त्या कादंबऱ्या बी-टू, म्हणजे भाषेच्या युरोपीय मोजपट्टीवरच्या मध्यम-वरच्या, पातळीवर आपल्या आपण वाचता येतात.

सरांशी माझा हा वाद अजून मिटलेला नाही. ते म्हणतात की तक्ता पाठ नसता तर प्रवेशच मिळाला नसता, आणि हे मला मान्य करावे लागते, कारण प्रवेशासाठी लिहिलेले पत्र मी त्याच तक्त्यावरून लिहिले होते. भाषांतरालाही माझा सरसकट विरोध नाही. ‘ले मिझेराब्ल’एवढा ग्रंथ इंग्रजीतून वाचला तर कोणी फाशी देणार नाही, मात्र ज्या उताऱ्यावर आपल्याला वर्गात बोलायचे आहे, त्याचे भाषांतर मूळ उतारा दोनदा वाचून झाल्यावरच उघडा.